चाळ पडण्याआधी तिचं चित्र चाळीकडूनच काढून घ्या

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
मुंबई मंडळ, म्हाडा,
गृहनिर्माण भवन, कलानगर, वांद्रे (पूर्व), मुंबई

विषय : वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात रहिवाशांच्या हातून होणाऱ्या भित्तिचित्रांसाठी जागा, निधी आणि वेळ राखून ठेवण्याबाबत.

महोदय,
स.न.वि.वि.

हे पत्र घराच्या क्षेत्रफळाबद्दल नाही, पार्किंगबद्दल नाही, देखभाल खर्चाबद्दलही नाही. ते विषय आमच्या समित्या आपल्यापुढे मांडतच असतात. मी लिहिते आहे ते भिंतींबद्दल. नव्या इमारतींच्या तळाशी, आवारात, जिन्यांच्या तोंडाशी ज्या भिंती उभ्या राहत आहेत, त्यांच्यावर काय असावं आणि ते कोणाच्या हातून उतरावं, याबद्दल.

माझा जन्म डिलाईल रोडच्या, म्हणजे आताच्या ना. म. जोशी मार्गावरच्या, बीडीडी चाळीतला. वडील गिरणीत त्रासन खात्यात, म्हणजे सूतकताईत होते, आई घरीच खानावळ चालवायची. मी पुढे शाळेत चित्रकला शिकवली. चाळ आणि चित्र, दोन्ही आयुष्यभर हाताशी होती, म्हणून हे धाडस करते आहे.

आधीच सांगते, चाळ होती तशीच राहावी असं माझं म्हणणं नाही. १६० चौरस फुटांच्या खोलीत सात-आठ माणसं, एका मजल्यावर वीस खोल्या आणि सगळ्यांत मिळून टोकाला संडास, हे ज्यांनी भोगलं त्यांच्यापुढे चाळीचे गोडवे कोणी गाऊ नयेत. बाळंतीण, आजारी सासरा आणि दहावीतलं पोर एकाच खोलीत, असे दिवस आमच्या मजल्यावर घरोघर आले. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. स्वतःचं न्हाणीघर असलेलं ५०० चौरस फुटांचं घर हा आमचा हक्क होता. तो मिळतोय, त्याचा आनंदच आहे.

पण हिशेब मांडताना एक रकाना कोराच राहिला आहे. खोलीची किंमत झाली, जमिनीची झाली, विक्रीच्या इमारतींचीही झाली. वस्तीचं मोल कुठेच मांडलेलं नाही. आणि ते मांडायचं साधन निविदेत बसत नाही, हे मला कळतं. म्हणूनच हे पत्र उघड लिहिते आहे.

या चाळींचा जन्म आठवून पाहा. १९२० मध्ये सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं, तेच हे बीडीडी. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळातला तो बेत. ५० हजार खोल्या बांधायच्या होत्या. झाल्या २०७ चाळी, त्यांत १६ हजारांवर खोल्या : वरळीला १२१ चाळी, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२. पैसा उभा करायला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवला होता. म्हणजे या भिंती कापसाच्या पैशातून उभ्या राहिल्या, आणि कापसावर राबणाऱ्या माणसांनीच त्या शंभर वर्षं वापरून झिजवल्या. वास्तू म्हणून त्यांत मिरवण्यासारखं काही नव्हतं. तळमजला अधिक तीन मजले, मधून लांबलचक अंधारा व्हरांडा, दोन्ही अंगांना दहा-दहा दारं. सरकारने खोकी बांधली होती. त्या खोक्यांची वस्ती केली ती कोकणातून, घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांनी, सफाई कामगारांनी, पोलिसांच्या कुटुंबांनी, गावकीच्या खोलीत वळकटी टाकून राहणाऱ्या बाप्यांनी आणि त्यांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या बायकांनी.

आता त्या जागी उंचच उंच इमारती येत आहेत, वरळीत तर चाळीसमजली. एवढी उंच इमारत म्हटली की तळाशी लांबच्या लांब कोऱ्या भिंती येतातच. कुंपणाची, पार्किंगची, पंपघराची, लिफ्टसमोरच्या लॉबीची. या भिंती फार दिवस कोऱ्या राहणार नाहीत, हे मुंबईत राहणाऱ्या कोणालाही सांगायला नको. सुशोभीकरणाचं काम निघेल, कंत्राट दिलं जाईल, चार रात्रींत फ्लेमिंगो, लोकल, डबेवाला आणि गेटवे ऑफ इंडिया रंगून तयार होतील. रंगवणाऱ्या मुलांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांतली काही माझे विद्यार्थी असू शकतील. हात चांगले असतात त्यांचे. पण त्यांना सांगितलेलं असतं ते चौरस फूट आणि तारीख.

आमच्या भागातल्या एका भिंतीवर असंच गिरणीचं चित्र आलं. धुराडं, भोंगा, डोक्याला रुमाल बांधलेला कामगार, साचा, म्हणजे कापड विणायचा माग. रंग झकास होते. आमच्या चाळीतले एक काका, जन्मभर साचेखात्यात गेलेले, काठी टेकत ते बघायला आले. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "धोट्यात कांडीच नाही. मग कापड निघायचं कुठून?" खरंच नव्हती. मागावर आडवं सूत नेतो तो धोटा, आणि ते सूत असतं त्याच्यातल्या कांडीवर. चित्रातला धोटा रिकामा होता. काका त्या भिंतीपासून दोन मिनिटांवर राहतात. चित्र चालू असताना दोन्ही पाळ्यांचं काम केलेली माणसं रोज त्या फुटपाथवरून दूध आणायला जात होती. एकानेही त्यांना विचारलं नाही, आणि त्यांनीही आपणहून सांगितलं नाही, कारण भिंत आपली आहे असं त्यांना वाटण्याजोगं काही घडलंच नव्हतं.

माझं सगळं मागणं या एका गोष्टीत आलं. आमच्याविषयी चित्र काढलं म्हणजे आमचा मान झाला, असं होत नाही. चित्र काय असावं हे ठरवायला आम्हाला बसवा, काढायला आमचे हात घ्या, आणि खाली आमची नावं लिहा. मग चित्र थोडं वाकडं आलं तरी चालेल. धोट्यात कांडी असेल.

कोणी म्हणेल, चाळीतल्या लोकांना चित्रकलेतलं काय कळतं. त्यांनी आमचा फळा पाहिलेला नाही. प्रत्येक चाळीच्या तोंडाशी एक फळा असायचा, काही ठिकाणी अजून आहे. पाणी उद्या किती वाजता येणार, कोणाचं दुःखद निधन आणि अंत्ययात्रा किती वाजता, कोणाचा मुलगा एसएससीला किती टक्क्यांनी पास, कबड्डीचे सामने, भजनाची बारी, युनियनची गेट मीटिंग, सगळं तिथे. आणि सणाच्या दिवशी त्या फळ्यावर चित्र. आदल्या रात्री चाळीतली पोरं फळा उतरवून व्हरांड्यात आणायची. जुन्या सेलमधली काळी पूड पाल्याच्या रसात कालवून आधी फळा काळा करायचा, तो वाळेस्तोवर रंगीत खडू साखरेच्या पाण्यात भिजवून ठेवायचे, म्हणजे रंग दाट बसतो आणि कोणाची बाही लागली तरी पुसत नाही. चौदा एप्रिलला बाबासाहेब, शिवजयंतीला महाराज, एक मेला लाल बावटा. चष्म्याची काडी चुकली तर कोणीतरी आजोबा मागून सांगणार आणि ती पुसून पुन्हा काढावी लागणार. मी छायाप्रकाश शिकले तो कलाशाळेत जाण्याच्या आधी, त्या फळ्यापुढे उकिडवं बसून.

गणपतीचे देखावे तर जगजाहीर आहेत. चिंचपोकळीचं मंडळ १९२० चं, गणेश गल्लीचं १९२८ चं, लालबागच्या बाजारातलं १९३४ चं. ही मोठी नावं झाली. पण त्यांच्या आजूबाजूला गल्लीगल्लीत जे चलचित्रांचे देखावे उभे राहायचे, ते बनवायला बाहेरून कोणी यायचं नाही. गिरणीतला फिटर मोटार आणि गिअर जुळवायचा, सुतारखात्यातला माणूस सांगाडा ठोकायचा, बायका कागदी लगदा भिजवायच्या, रातपाळीहून आलेला माणूस दोन तास झोपून पुन्हा ब्रश धरायचा. विषय काय घ्यायचा यावर महिना महिना भांडणं चालायची आणि त्या भांडणांतूनच देखावा तयार व्हायचा. मिळून कला घडवणं आम्हाला कोणी शिकवायला नको. जागा द्या, एवढंच.

आता त्या भांडणांविषयी, कारण आपल्या कार्यालयाला सर्वांत जास्त धास्ती त्यांचीच असणार.

वस्तीचा इतिहास लिहायचा म्हटलं की तो काही नुसता आरत्यांचा आणि दहीहंडीचा नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. डॉ. दत्ता सामंतांचं नाव घेतलं की आमच्याकडे आजही एकाच घरात बापाचे डोळे भरून येतात आणि मुलगा उठून बाहेर जातो. भिंतीवर तो संप कसा येणार? वरळीत तर त्याहून अवघड गोष्ट आहे. ५ जानेवारी १९७४ ला तिथे दलित पँथरची सभा झाली, दगडफेक झाली आणि मग चाळींमध्ये दंगल उसळली. १० तारखेच्या मोर्चात भागवत जाधव हा तरुण मारला गेला. ती दंगल एकाच आवारात, समोरासमोरच्या चाळींत घडली. ज्यांनी घडवलं आणि ज्यांनी सोसलं, त्या दोन्हींची नातवंडं आता एकाच इमारतीच्या एकाच लिफ्टमधून जाणार आहेत.

कंत्राटी चित्रात हे कधीच येणार नाही. माझ्या मते ते यायला हवं, पण माझं मत हा शेवटचा शब्द नव्हे. त्यावर वस्तीने बसून बोलावं. बोलून शेवटी नको असं ठरलं तरी हरकत नाही. पण 'वाद नको' म्हणून कोणीतरी परस्पर गाळून टाकलं, असं होऊ नये.

हे जगात कुठेच झालेलं नाही, असं नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराच्या कडेला पूर नियंत्रणासाठी काँक्रीटने बांधून काढलेला टुजुंगा वॉश नावाचा प्रवाह आहे. त्याच्या रुक्ष भिंतीचं काहीतरी करा, म्हणून १९७४ मध्ये सरकारच्याच अभियंत्यांच्या विभागाने जूडी बाका या चित्रकर्तीला विचारलं. तिने सजावट केली नाही. आसपासच्या वस्त्यांतली, वेगवेगळ्या वंशांची चारशेच्या वर पोरं गोळा केली. त्यांतली काही पोलिसांच्या, कोर्टाच्या खेपा घातलेली. १९७६ पासून १९८३ पर्यंत उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत त्यांनी मिळून २,७५४ फूट लांबीची भिंत रंगवली. त्या प्रदेशाचा सारा इतिहास तिच्यावर आहे, आणि पाठ्यपुस्तकात गाळलेला जास्त आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं, ते आहे. चावेझ रविन नावाची मेक्सिकन वस्ती रिकामी करून पुढे तिथे बेसबॉलचं स्टेडियम झालं, ते आहे. हमरस्त्यांनी गरीब मोहल्ले मधोमध चिरले, ते आहे. पोरांना कामाचा मोबदला मिळत होता, इतिहासाचे अभ्यासक त्यांच्याशी येऊन बोलत होते, आणि आपल्याच आजीची गोष्ट आपण काढतोय हे त्यांना ठाऊक होतं. भिंत सरकारी, पैसा बराचसा सार्वजनिक. सरकारची त्याने काही मानहानी झाली नाही. उलट आज ते शहर ती भिंत अभिमानाने दाखवतं.

आपल्या कामाच्या अधिक जवळचं उदाहरण फिलाडेल्फियाचं. तिथल्या पुनर्विकास प्राधिकरणाने, म्हणजे त्या शहराच्या म्हाडानेच म्हणा, १९५९ मध्ये नियम केला की प्राधिकरणाच्या जमिनीवर बांधणाऱ्या विकासकाने बांधकाम खर्चाचा किमान एक टक्का त्या जागेसाठी खास घडवलेल्या कलाकृतीवर खर्च करावा. पुढे १९८४ मध्ये त्याच शहरात भिंती खराब करणाऱ्या पोरांना हाताशी धरून भित्तिचित्रांचा कार्यक्रम सुरू झाला, जेन गोल्डन ही चित्रकर्ती त्याच्या मुळाशी होती. आज तिथे हजारो भित्तिचित्रं आहेत. रेखाटन कागदावर येण्याआधी वस्तीच्या बैठका होतात, रेखाटन झाल्यावर पुन्हा बैठक होते.

आणि त्यांची एक युक्ती आपल्याला फार उपयोगी आहे. ते लोक थेट भिंतीवर कमी रंगवतात. पॅराशूटच्या कापडासारखं पातळ कापड घेतात, त्यावर चित्राच्या चौकोनांची रेघ-रेघ मारून आकडे घालतात, आणि ते चौकोन टेबलावर पसरून रंगवले जातात. शाळेत, वृद्धांच्या केंद्रात, अगदी तुरुंगातसुद्धा. नंतर सगळे तुकडे अॅक्रिलिकच्या चिकट लेपाने भिंतीवर डकवले की एकच चित्र उभं राहतं. विचार करा, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आमची खानावळवाली मावशी परांचीवर चढणार नाही, पण टेबलाशी बसून ती आपल्या हाताने आपल्या परातीतल्या भाकरी रंगवेल. बदलापूरला, विरारला पांगलेली जुनी कुटुंबं आपला चौकोन घरी नेऊन रंगवून आणू शकतील.

खानावळवाल्यांचा उल्लेख आला म्हणून थोडं थांबते. गिरणगावाचं चित्र म्हटलं की पुरुषच दिसतात. पण गावाकडे बायको ठेवून आलेल्या हजारो कामगारांची पोटं या बायकांनी भरली. संपात उधारीवर भरली. कित्येकींनी मंगळसूत्र सावकाराकडे टाकून भरली. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते याच बायकांना सावकाराच्या विळख्यातून काढून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. माझ्या आईकडे चौदा डबे असायचे. प्रत्येकाचा वार तिला पाठ, सोमवार कोणाचा, गुरुवार कोणाचा, कोणाला खारं चालतं, कोणाला नाही. वही नव्हती. या बाईला भिंतीवर जागा मिळायला हवी की नको, हे ज्यांनी तिच्या हातचं खाल्लं ते सांगतील. बाहेरच्या चित्रकाराला ती सुचणारही नाही, कारण छायाचित्रांत ती नाहीच.

मुंबईतही प्रयत्न झाले आहेत. घाटकोपरजवळची असल्फाची टेकडी २०१७ च्या अखेरीपासून स्वयंसेवकांनी आणि रहिवाशांनी मिळून रंगवली. मेट्रोतून जाणारी माणसं खिडकीशी येऊन बघू लागली. रहिवाशांना आपली वस्ती सुंदर म्हणवून घेण्याचा आनंद मिळाला, तो खरा आहे, त्याला कमी लेखणार नाही. फक्त ते रंग मेट्रोत बसलेल्या माणसासाठी होते की आत राहणाऱ्यासाठी, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. आमच्या भिंतींपुढून रोज जाणार ते आम्हीच. तेव्हा चित्र आधी आम्हाला वाचता यावं.

आता व्यवहाराचं. आपले अभियंते विचारतील म्हणून लिहिते. मुंबईच्या पावसात नैर्ऋत्येकडच्या भिंतीवरचा कोणताही रंग तीन-चार पावसाळ्यांत पापुद्रे सोडतो. गळती मागून येत असेल तर त्याहून लवकर. म्हणून कोणत्या भिंतीवर चित्र येणार हे प्लास्टरच्या आधी ठरलं पाहिजे. त्या भिंतीत पाण्याचा पाइप नको, तिचं वॉटरप्रूफिंग नीट हवं, प्लास्टर पुरतं वाळलेलं हवं. कापड डकवायचं तर आधी एका छोट्या भिंतीवर डकवून एक पावसाळा जाऊ द्यावा. उघड्यावरच्या भिंतींना मी तर मोझेकच सुचवेन. फुटक्या चिनी मातीच्या लाद्या सिमेंटात बसवायच्या. शाळकरी पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत कोणालाही जमतं, आणि ऊनपाऊस लागत नाही.

आणि लाद्या विकत कशाला आणायच्या? पाडायच्या उरलेल्या चाळींत त्या आहेतच. प्रत्येकाने खोलीत आपापल्या ऐपतीप्रमाणे बसवलेल्या. कोणाची हिरवी चौकडी, कोणाच्या ओट्यामागे गुलाबाची फुलं, कोणाच्या देव्हाऱ्याखाली उरलेल्या चार वेगवेगळ्या. पाडकामात हे सगळं राडारोडा म्हणून डंपरमध्ये जातं. दारांवरचे काळ्या ऑइलपेंटने घातलेले खोली नंबर जातात. चौकटीवर पोरांच्या उंचीच्या खुणा कोरलेल्या असतात, त्या जातात. जिन्याच्या पायऱ्या मधोमध इतक्या झिजल्या आहेत की पावसाचं पाणी त्यांत साठतं. त्या शंभर वर्षांच्या चालण्याचा साचा प्लास्टरमध्ये उतरवून घेता येतो. एका पायरीला अर्धा दिवसही लागत नाही. पाडकामाच्या करारात एक कलम घाला की खोली रिकामी झाल्यावर आणि हातोडा पडण्याआधी पंधरा दिवस रहिवाशांच्या समितीला असा माल उतरवून घेण्याची मुभा राहील, आणि तो ठेवायला आवारात एक शेड मिळेल. आपल्याला यात खर्च जवळजवळ नाही. उशीर झाला तर मात्र कितीही खर्च करून हे परत मिळणार नाही.

माणसांचंही तसंच आहे. संपाच्या वेळी जो विशीत होता तो आज साठीच्या पुढे आहे. जो चाळिशीत होता तो ऐंशी ओलांडून गेला. धोट्यातली कांडी ओळखणारे डोळे किती उरलेत, ते आपणच मोजा. संक्रमण शिबिरांत आणि भाड्याच्या घरांत माणसं पांगली आहेत. गेल्याची बातमी आता फळ्यावर येत नाही, व्हॉट्सअॅपवर उशिरा कळते.

कायद्याचाही एक मुद्दा आहे. चित्र काढून झालं की ते कोणाचं? अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझचं प्रचंड भित्तिशिल्प, १४० फूट लांब आणि ४० फूट उंच, दिल्लीच्या विज्ञान भवनात होतं. १९७९ मध्ये नूतनीकरणाच्या वेळी ते काढलं, मोडलं आणि गोदामात टाकलं गेलं. सेहगल कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, उरलेले तुकडे त्यांना परत करायला सांगितले आणि पाच लाख रुपयांची भरपाई दिली. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ मुळे कलावंताचा आपल्या कृतीवरचा नैतिक हक्क ती विकल्यानंतरही उरतो, हे त्या निकालाने ठळक केलं. आमच्या भिंतीचे कलावंत शेकड्यांनी असतील. त्यांची नावं भिंतीवरही हवीत आणि करारातही हवीत. उद्या कोणाला त्या भिंतीत दरवाजा फोडायचा असेल, त्यावर जाहिरात लावायची असेल किंवा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक टांगायचा असेल, तर आधी वस्तीला विचारावं लागेल, असं त्या करारात स्पष्ट लिहिलेलं असावं. हे वाक्य लिहिताना मला जाणीव आहे की यातलं शेवटचं पाळणं सर्वांत कठीण जाईल. म्हणून तर ते लेखी हवं.

मोबदल्याबद्दल एकच सांगते. समाजकार्य म्हणून फुकट राबवून घेऊ नका. नेतृत्व करणाऱ्या चित्रकाराला त्याचं मानधन आणि वस्तीतल्या पोरांना रोजाचे पैसे, दोन्ही अंदाजपत्रकात हवेत. आमच्या भागात चित्रकलेचे उत्तम हात असलेली, डिलिव्हरीची बॅग पाठीवर घेऊन फिरणारी मुलं मला नावानिशी माहीत आहेत. शिवाय दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम बाजूला काढावी. रंग उडालेलं चित्र वर्षानुवर्षं तसंच राहिलं की वस्तीचा मान होण्याऐवजी अपमानच होतो.

आपलं कार्यालय कलानगरात आहे. चित्रकार-लेखकांना राहायला जागा हवी, हे एकेकाळी या राज्यात कोणाला तरी महत्त्वाचं वाटलं, म्हणून ती वसाहत झाली. आम्ही राहायला जागा मागत नाही, ती मिळते आहे. आम्हाला भिंत हवी आहे.

तेव्हा माझी विनंती अशी. तिन्ही ठिकाणच्या अजून उभ्या असलेल्या चाळींचं पाडकाम करण्याआधी मंडळाने रहिवासी, निवृत्त गिरणी कामगार, खानावळ चालवलेल्या बायका, पोलीस वसाहतीतली कुटुंबं आणि जे. जे. कला महाविद्यालयासारख्या संस्थेतले एक-दोन जाणकार यांची समिती प्रत्येक ठिकाणी नेमावी. पुनर्वसनाच्या इमारतींच्या बांधकाम खर्चातला अर्धा टक्का तरी या कामासाठी राखून ठेवावा. फिलाडेल्फियाएवढा एक टक्का मिळाला तर उत्तमच. पहिली बैठक रविवारी संध्याकाळी, मैदानात, सगळ्यांना बोलावून व्हावी. वरळीला जांबोरी मैदान आहेच. सूचना इंग्रजी पोर्टलवर न टाकता मराठीत, चाळीच्या फळ्यावर लावावी. जिथे फळा गेला असेल तिथला फळा मी स्वतः लिहून देईन.

या पत्राचं लेखी उत्तर यावं, आणि समितीचा निर्णय पुढच्या चाळीच्या पाडकामाची तारीख जाहीर होण्याआधी कळावा, ही अपेक्षा.

कळावे,
आपली विश्वासू,
डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतली एक रहिवासी, निवृत्त चित्रकला शिक्षिका